प्लेऑफ घ्या, पण पहिल्या नंबरच्या टीमला त्यात नेमकं काय मिळणार?

गोदाकाठचा
आपल्या फुटबॉल लीगमध्ये (आठ टीम, मैदान एकच, लाईट नाहीत) साखळीनंतर प्लेऑफ, म्हणजे वरच्या टीमांच्या बाद फेरीच्या मॅच, घ्यायचं घाटतंय. त्यातही अमेरिकेतल्या एमएलएस या फुटबॉल लीगसारखी तीन मॅचची सिरीज (दोन जिंकणारा पुढं) ठेवा, अशी सूचना आहे. माझा सरळ विरोध. १४ मॅच खेळून जो पहिला आला तोच चॅम्पियन. २०२४ ला इंटर मायामीनं साखळीत ७४ गुणांचा विक्रम केला आणि पहिल्याच फेरीत नवव्या नंबरच्या अटलांटानं त्यांना घरी बसवलं. मायामीचे गोल आधी धरले तर २-१, १-२, २-३. शेवटची मॅच मायामीच्याच मैदानावर होती, मेस्सीही खेळत होता. मग साखळी खेळायची कशाला?

डावा विंग
साखळीची ढाल वेगळी द्या की. आपल्या देशातल्या आयएसएल फुटबॉल लीगमध्ये साखळीत पहिल्याला शील्ड वेगळी आणि प्लेऑफ जिंकणाऱ्याला कप वेगळा असायचा. २०२४ ला शील्ड मोहन बागाननं नेली आणि फायनल मुंबई सिटीनं त्यांच्याच कोलकात्यातल्या सॉल्ट लेक मैदानावर ३-१ नं मारली. कोणाचंच काही हिरावलं नाही. प्लेऑफ नसेल तर पाचव्या-सहाव्या नंबरच्या टीमा शेवटच्या चार मॅचला सात-आठ जण घेऊन येतात. हे आपल्याकडं दरवर्षीचंच आहे.

स्टॉपर
प्लेऑफला हरकत नाही, तीन मॅचच्या सिरीजला आहे. त्यात गोलफरक मोजत नाहीत, फक्त जिंकलेल्या मॅच मोजतात. २०२५ ला सिनसिनाटी १-० जिंकली, मग कोलंबसनं त्यांना ४-० धुतलं, तिसरी सिनसिनाटी २-१. एकूण गोल ३ विरुद्ध ५, तरी पुढं गेली सिनसिनाटी! दोन मॅचच्या बेरजेत असं होत नाही. २०२५ च्या आयएसएल सेमीफायनलला बागान जमशेदपूरला १-२ हरले आणि घरी २-० जिंकून ३-२ नं पुढं गेले. दुसरी मॅच घरी, हाच वरच्या टीमचा फायदा. एक्स्ट्रा टाईम लागला तर तोही घरीच.

गोदाकाठचा
आणि आपलं ‘घर’ कुठलं? दोन्ही टीमचं मैदान तेच, गेट तेच, धूळपण तीच. म्हणून तर विचारतोय, पहिल्याला मिळणार काय?

डावा विंग
आयपीएलची पद्धत उचला. पहिला विरुद्ध दुसरा, जिंकला की थेट फायनल. तिसरा विरुद्ध चौथा, हरला की बाहेर. मग पहिल्या मॅचचा हरलेला विरुद्ध दुसऱ्या मॅचचा जिंकलेला. फायनल धरून चारच मॅच, आणि वरच्या दोघांना एक हार माफ. एकाच मैदानावर यापेक्षा जास्त फायदा देता येत नाही.

स्टॉपर
दुसरा मार्ग म्हणजे बरोबरी झाली की वरचा पुढं.

डावा विंग
नको रे बाबा. वरची टीम पहिल्या मिनिटापासून दहा जण गोलसमोर उभे करंल. ९० मिनिटं बघायचं काय?

शिट्टीवाला
पद्धत कोणतीही घ्या, आधी घड्याळ बघा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर, त्यामुळं पाचच्या आधी मॅच सुरू करणं बरं नाही. पाचला सुरू केली तर ९० मिनिटं, १५ ची विश्रांती, पाण्याचे दोन ब्रेक आणि वाढीव वेळ धरून सात वाजतातच. सूर्यही त्याच सुमारास मावळतो. वर १५-१५ मिनिटांचा एक्स्ट्रा टाईम कुठं बसवणार? एमएलएसच्या तीन मॅचच्या फेरीत ९० मिनिटांनंतर थेट पेनल्टी असतात, तेवढं मात्र तिथनं घ्या. त्यातही अर्धवट उजेडात गोलकीपरला बॉल दिसणार नाही, म्हणून नॉकआउटला सकाळी साडेसहाची वेळ उत्तम.

पेनल्टीला भांडणं कुठं होतात तेही सांगतो. टॉस दोन असतात, एक कोणत्या बाजूच्या गोलवर मारायचं यासाठी, दुसरा आधी कोण मारणार यासाठी. शेवटच्या शिट्टीला जे मैदानात होते तेच मारणार, बाकावरच्या ‘स्पेशालिस्ट’ला नंतर आणता येत नाही. एका टीमचे दहाच उरले असतील तर समोरच्यांनाही एक कमी करता येतो. आणि फटका बसंपर्यंत कीपरचा निदान एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या वर किंवा रेषेच्या मागं हवा.

स्टॉपर
पिवळ्या कार्डांचं काय? साखळीतली पुढं धरायची का?

शिट्टीवाला
माझं मत, साखळी संपली की पाटी कोरी. लाल कार्डची बंदी मात्र चालूच. काहीही ठरवा, पण पहिल्या मॅचच्या आधी कागदावर आणून कॅप्टन लोकांच्या सह्या घ्या.

गोदाकाठचा
चार मॅचच्या पद्धतीला माझी ना नाही, पण चौथा नंबर ठरणार कसा? सगळ्या शेवटच्या मॅच एकाच वेळी हव्यात, आणि मैदान एकच. शेवटी खेळणाऱ्याला किती गोल लागतात ते आधीच कळतं, अन् समोरची टीम बाद झालेली असली की गोल मागून मिळतात.

शिट्टीवाला
म्हणून समान गुण असतील तर गोलफरकाच्या आधी आपसातल्या मॅचचा निकाल धरा. आणि ज्यांच्यावर चौथा नंबर अडलाय त्या मॅच एकाच सकाळी लागोपाठ लावा, चिठ्ठी टाकून कोण आधी ते ठरवा. पूर्ण बंदोबस्त होत नाही त्यानं.

गोदाकाठचा
चिठ्ठी चालंल. ती शेवटच्या आठवड्याच्या आधी काढू नका मात्र.