शब्दचर्चा : पेशींचा 'तणाव' की पेशींवरचा 'ताण'?

प्रश्न : 'इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींमधील तणावामुळे मधुमेह होतो' असं वाक्य वाचलं. मूळ शब्द 'सेल्युलर स्ट्रेस' असणार. पेशीला कसला तणाव? 'ताण' म्हणावं का?

प्रतिसाद : 'ताण'च म्हणावं. तणाव म्हटलं की मनाचा किंवा दोन गटांतला तणाव आठवतो. हे वाक्य वाचून एखाद्या मधुमेही माणसाला वाटेल की आपण काळजी करत राहिलो म्हणून पेशी बिघडल्या. विनाकारण अपराधी वाटायला लावणारा शब्द मला तरी नको वाटतो. मानसिक ताणाने रक्तातली साखर वाढू शकते, पण ती करामत कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन या संप्रेरकांची. इथला ताण म्हणजे कुवतीपेक्षा जास्त काम अंगावर पडणं.

आता ते काम. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींमध्ये आधी प्रोइन्सुलिन तयार होतं, ८६ अमिनो आम्लांची एक साखळी. आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या पटलांच्या जाळ्यात, तिची घडी बसते, गंधकाचे तीन बंध जुळतात. पुढे मधला भाग कापला जातो आणि ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन उरतं. मागणी असेल तेव्हा एकेक बीटा पेशी मिनिटाला सुमारे १० लाख प्रोइन्सुलिन रेणू बनवू शकते! शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की मागणी आणखी चढते. मग घड्या चुकतात आणि चुकलेली प्रथिनं जालिकेत साचतात. त्या अवस्थेला 'ताण' म्हणतात.

पेशी लगेच हार मानत नाही. पर्क, आयआरई-१ आणि एटीएफ-६ हे तीन संवेदक जागे होतात. नवी प्रथिनं बनवण्याचा वेग कमी होतो, घडी घालायला मदत करणारी प्रथिनं वाढतात, बिघडलेली मोडीत निघतात. ताण उतरला तर पेशी सावरते. तो उतरलाच नाही तर हीच यंत्रणा तिला मृत्यूकडे नेते.

दुसरा प्रतिसाद : 'घडी' छान बसतो. घडी बसणं, घडी विस्कटणं हे आपल्याकडे आहेच. पण बागेला ताण देतात तेव्हा पाणी तोडतात. तो अभावाचा ताण झाला, वर सांगितलेला अतिकामाचा. एकच शब्द दोन्हीकडे चालेल?

पहिल्याचं उत्तर : चालेल. जीवशास्त्रात उष्णता, ऑक्सिजनची कमतरता, साचलेली प्रथिनं या सगळ्यांसाठी हाच शब्द वापरतात. मात्र कशाचा ताण ते सांगावं : 'जालिकेवरचा ताण', 'ऑक्सिडीकारक ताण' (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंमुळे पडणारा). हा दुसराही बीटा पेशींना जड जातो, कारण कॅटलेजसारखी संरक्षक विकरं त्यांच्यात फार कमी असतात.

तिसरा प्रतिसाद : शब्दापेक्षा मला क्रियापद खटकतं. ताणामुळे मधुमेह 'होतो' की मधुमेहामुळे ताण येतो?

पहिल्याचं उत्तर : दोन्ही. वाढलेली साखर आणि मेदाम्लं ताणात भर घालतात, पेशी कमी झाल्या की उरलेल्यांवर आणखी भार येतो. पण ताण हा नुसता परिणाम नाही, हे काही दुर्मीळ उदाहरणांवरून पक्कं दिसतं. पर्कच्या जनुकात बिघाड असलेल्या बाळांना वॉलकॉट-रॅलिसन सिंड्रोम होतो आणि अगदी लहानपणीच मधुमेह जडतो. अकिता जातीच्या उंदरात इन्सुलिनच्या एका जनुकातल्या बदलामुळे एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्याने गंधकाचा एक बंध जुळत नाही, घडी बसत नाही, आणि लठ्ठ नसतानाही त्याला मधुमेह होतो.

नेहमीच्या टाइप २ मध्ये मात्र ताण हे अनेक कारणांपैकी एक. टाइप १ मध्ये मुख्य हल्ला प्रतिकारशक्तीचा असतो, त्या दाहातूनही पेशींवर ताण येतो. म्हणून 'होतो' काढून मी वाक्य असं लिहीन : 'इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर सतत पडणाऱ्या ताणाचा मधुमेहाला हातभार लागतो.'