सेन की रोन? जहाजाने फ्रान्समधले किल्ले बघायचे आहेत

नदीकाठ
नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर फ्रान्समध्ये 7 रात्रींची नदीसफर ठरवतो आहे. सोबत आईबाबा, दोघंही सत्तरीचे. आईला गुडघ्याचा त्रास. ओढ किल्ल्यांची आहे, वाइनची नाही. ल्वारकाठचे शाम्बोर, शनोन्सो जहाजातून बघता येतात का? नसतील तर सेन घ्यावी की रोन? आणि सेनकाठच्या शातो गायार किल्ल्याची चढण आईला झेपेल का?

बुरूज_पश्चिम
आधी ल्वारचं. ती मोठ्या जहाजांची नदी नाही. पात्र उथळ, वाळूचे पट्टे सतत जागा बदलतात, आणि सेन-रोनसारखी लॉक (जहाज वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे) बांधून पाण्याची पातळी राखलेली नाही. उन्हाळ्याअखेरीस तर पाणी फारच कमी असतं. म्हणून ल्वारची सफर समुद्राकडच्या नांत शहराच्या बाजूला, फार तर आंजे शहराच्या आसपासपर्यंत. पुढचे किल्ले बसनेच.

शिवाय शाम्बोर कोसों या लहान नदीवर आहे आणि शनोन्सो शेर नदीवर. ते दोन्ही हवेतच असतील तर सफरीला जोडून 2 दिवस तूर शहरात राहा. पॅरिसहून टीजीव्हीने (वेगवान रेल्वेने) तूरलगतचं सें-पिएर-दे-कोर स्टेशन साधारण एक तास. तूरहून शनोन्सो लोकलने अर्धा तास, आणि स्टेशन किल्ल्याच्या दाराशीच. शनोन्सोचं नदीवरचं दालन 60 मीटर लांब आहे. पूल राजा दुसरा हेन्री याची प्रेयसी दियान द पोआतिएने बांधवला, त्यावरचं दालन त्याची राणी कातरिन द मेदिचीने. सपाट चालणं असल्याने आईंना त्रास होणार नाही.

चुनखडी
तटबंदी आणि वेढे यांत रस असेल तर सेन घ्या, आणि त्यातही लेझांदली या गावी थांबणारंच जहाज निवडा. धक्का शातो गायारच्या अगदी पायथ्याशी आहे.

इंग्लंडच्या रिचर्डने (सिंहहृदयी म्हणतात तोच) हा किल्ला 1196 ते 1198 या दोनेक वर्षांत उभा केला. जागा आपल्याकडच्या सोंडेसारखी: बाजूंना उतार, आणि फक्त आग्नेयेला पठाराशी जोड. म्हणून त्या तोंडावर त्रिकोणी बाहेरचा कोट, मध्ये खंदक, मग मधला कोट, आणि आत बालेकिल्ला. फ्रान्सच्या राजा फिलिपने 1203 मध्ये वेढा घातला तो याच पठारावरून. बाहेरच्या कोटाचा बुरूज पायाखाली खणून पाडला. तेव्हा बारूद नव्हती. खणताना लाकडी टेकू द्यायचे आणि मग ते पेटवायचे. बालेकिल्ल्याच्या दारापुढे बांधणाऱ्यांनी खंदक ओलांडायला खडकाचाच पूल राखला होता. त्याच्या आडोशाने खणणाऱ्यांना पायापर्यंत पोचता आलं. 6 मार्च 1204 ला किल्ला पडला. हे डोक्यात ठेवून गेलात तर पडक्या भिंतींचा प्रत्येक तुकडा वाचता येतो. बालेकिल्ल्याची बाहेरून अर्धगोल फुगवट्यांची भिंत चुकवू नका.

चढण: गावातून पायवाट खडी आहे, 25-30 मिनिटं, सुटी खडी, पावसानंतर निसरडी. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जास्त जाचतं. आईंसाठी टॅक्सीने पठारावरच्या वाहनतळापर्यंत जा. किल्ला तिथून थोडा खाली दिसतो, मागे सेनचं वळण. नेमकी फिलिपच्या सैन्याची बाजू! आई तिथूनच सगळा आराखडा बघू शकतील, बाबा खाली जाऊन येतील. टॅक्सी गावात आयत्या वेळी मिळत नाही, आदल्या संध्याकाळी जहाजाच्या रिसेप्शनला सांगून ठेवा.

सेनकाठचा ला रोश-ग्वीयोंचा किल्ला कार्यक्रमात असेल तर सोनं. खालचा वाडा आणि वरचा जुना बुरूज यांना जोडणारा जिना पांढऱ्या खडकाच्या पोटातून कोरलेला आहे, सुमारे 250 पायऱ्या. आईंनी खालचा वाडा आणि बाग बघावी. 1944 मध्ये जर्मन सेनापती रोमेलचं मुख्यालय इथेच होतं.

दक्षिणवारा
रोनची बाजूही मांडतो, कारण गुडघ्याच्या दृष्टीने ती वाईट नाही. तारास्कोंचा किल्ला नदीला खेटूनच आहे, 1400 पासून बांधला आणि आजही जवळपास अखंड. वरच्या गच्चीला मात्र जिनेच आहेत. आव्हिन्योंचा पोपचा राजवाडा धक्क्यापासून चालत 15 मिनिटांवर. तो आत मोठा आहे, दीड-दोन तास सहज जातात, आणि पायऱ्या भरपूर. तरी माझं मत सेनच. रोनवर किल्ले पाहुण्यासारखे मध्ये मध्ये येतात, मुख्य भर रोमन अवशेषांवर.

एक गोष्ट सगळेच विसरतात: वार. व्हर्साय सोमवारी बंद, पॅरिसजवळचा मालमेझोंचा वाडा आणि लूव्र संग्रहालय मंगळवारी. सहलपत्रकात फक्त ‘दिवस 3’ लिहिलेलं असतं. त्यासमोर तारीख-वार मांडा, मग पैसे भरा. शातो गायारचा आतला भाग तिकिटाचा आणि हंगामी आहे, त्याचाही वार तपासा. बाहेरचा कोट आणि वाटा मोकळ्या असतात.

नदीकाठ
खूप आभार. एका जहाजाचा लेझांदलीचा थांबा 3 तासांचा आहे, दुसरं जहाज वेर्नों गावाला लागतं आणि तिथून बस. कोणतं बरं?

चुनखडी
3 तासांचं. पण ‘थांबा’ म्हणजे दोरखंड बांधल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ की उतरण्याचा, ते विचारा. परत चढायची वेळ साधारण निघण्याआधी अर्धा तास असते, म्हणजे हातात अडीच. धक्क्यावर दोन जहाजं शेजारी-शेजारी बांधली असतील तर दुसऱ्याच्या डेकवरून पायऱ्या चढ-उतार करत जावं लागतं. आईंच्या वेळेत ती 10 मिनिटं धरा.

जहाज चुकलंच तर लेझांदलीला रेल्वे नाही. टॅक्सीने गायों-ओबव्वा स्टेशन गाठायचं, तिथून रुआं शहराची गाडी. पुढच्या धक्क्याचं नाव आणि जहाजाचा फोन नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.