ग्रुपमध्ये मेसेज 'पहिला कोणी टाकला' हे खरंच शोधता येतं का?

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. रावेर-यावल भागातल्या केळी उत्पादकांचा ३१२ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ॲडमिन तिघं. केळीचा रोज जाहीर होणारा बोर्ड भाव, कोणता व्यापारी त्याच्या किती खाली मागतो, कोणाचे पैसे किती दिवस अडकलेत, सगळं त्यात येतं. फळपीक विम्याच्या दिवसांत लोक सातबारा आणि आधारचे फोटोही टाकतात. आता दोन गोष्टी फिरताहेत. एक, सरकार सगळं वाचतं. दुसरी, नियमाप्रमाणे मेसेज पहिल्यांदा टाकणारा सापडतो आणि त्याच्याबरोबर ॲडमिनही आत जातो. काही जण टेलिग्रामवर चला म्हणतात, काही व्हीपीएन टाका म्हणतात. खरं काय आहे?

तापीकाठ
भाऊ, व्हॉट्सॲपचं कुलूप, म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, खरं आहे: पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय वाटेत कोणाला मेसेज वाचता येत नाही. २०१६ पासून व्हॉट्सॲपच्या किल्ल्या तुमच्याच फोनमध्ये तयार होतात. कंपनीच्या सर्व्हरवरून जातो तो न वाचता येणारा मजकूर. कंपनीला कळतं ते एवढंच की कोण कोणाशी, केव्हा, कोणत्या आयपीवरून (इंटरनेटच्या पत्त्यावरून) बोललं. कायदेशीर मागणी आली की तेवढं ती देऊ शकते.

गळती होते ती बॅकअपमधून. गूगल ड्राइव्हवर रोज रात्री जाणारी प्रत आपणहून त्या कुलपात जात नाही. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करा. तिथे पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली मागतील. ती वहीत उतरवून घरात ठेवा, फोटो काढून फोनमध्ये नको. किल्ली हरवली तर बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही. आणि हे तुम्ही एकट्याने करून भागत नाही. ग्रुपचा प्रत्येक मेसेज ३१२ फोनांत आहे, म्हणजे उरलेल्या ३११ जणांचे बॅकअप उघडेच.

दुसरी जागा 'लिंक्ड डिव्हाइसेस', म्हणजे तुमचं व्हॉट्सॲप आणखी कुठे कुठे उघडलंय त्याची यादी. प्रिंट काढायला दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडतात आणि तसंच सोडून येतात. ती यादी बघा, अनोळखी नाव दिसलं की लगेच लॉग आउट करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिनही लावून टाका.

टेलिग्रामवर जाणं म्हणजे कुलूप काढून टाकणं. तिथलं साधं चॅट आणि कोणताही ग्रुप एंड-टू-एंड नसतो. ती सोय फक्त दोघांतल्या 'सीक्रेट चॅट'ला आहे. बदलायचंच असेल तर सिग्नल ॲप घ्या.

व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सोय. तिने या ग्रुपला काहीच फायदा नाही. तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे मोबाइल कंपनीपासून लपतं, पण तेच मग व्हीपीएनवाल्याला दिसतं. शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी पाच वर्षं जपून ठेवायचे आहेत. बऱ्याच कंपन्यांनी त्यावर भारतातले सर्व्हरच हलवले. फुकटची व्हीपीएन ॲपं तर टाकूच नका.

साक्रीवाला
हे सगळं मान्य, पण 'पहिला कोण' ही मागणी उगाच आलेली नाही. १ जुलै २०१८ ला आपल्याच साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे गरीब लोक होते. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरली होती. ती सुरू करणारा सापडायला नको का?

कुलूपकिल्ली
सापडायला हवाच. त्याच महिन्यात केंद्राने व्हॉट्सॲपकडे उगम शोधायची मागणी केली. पुढे २५ फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत ती नियम ४(२) म्हणून आली: ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीने, न्यायालयाचा किंवा आयटी कायद्याच्या कलम ६९ खालचा आदेश आला तर, मेसेज पहिल्यांदा टाकणारा ओळखून द्यायचा. तो देशाबाहेरचा असेल तर भारतातला पहिला धरायचा. आदेश गंभीर गुन्ह्यांपुरताच द्यायचा आणि मजकूर मागायचा नाही, असंही त्यात लिहिलंय. व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

अडचण कागदावर दिसत नाही, कामात दिसते. उद्या कोणता मेसेज मागतील हे आज कंपनीला माहीत नसतं. त्यामुळे आजच प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर खूण मारून ठेवावी लागेल, तुमच्या बोर्ड भावावरसुद्धा. सुचवलेली खूण म्हणजे हॅश, मजकुरावरून काढलेला ठसा. 'उद्या भाव १९००' याचा एसएचए-२५६ ठसा ६४ अक्षरांचा येतो. शेवटी नुसता एक पूर्णविराम द्या, ठसा पार बदलतो. अफवा पसरवणारा एक इमोजी जोडतो, व्हिडिओ दोन सेकंद कापतो, की नवा ठसा आणि नवा 'पहिला'. २०१८ मध्ये देशभर फिरलेला मूलचोरीचा एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फितीतून कापलेला होता. फेसबुकवरून उतरवून घाबरून गावच्या ग्रुपवर टाकणारी एखादी आई इथे 'भारतातली पहिली' ठरेल. ज्याने कापला तो बाजूलाच राहील.

आणि पोलिसांसाठी ठेवलेली वाट पोलिसांपुरती राहत नाही. अथेन्समध्ये २००४-०५ साली मोबाइल एक्स्चेंजमधली कायदेशीर टॅपिंगची सोय कोणीतरी गुपचूप वापरली आणि ग्रीसच्या पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन ऐकले.

अफवेला चाप बसतो तो वेग कमी केल्याने. जुलै २०१८ मध्ये भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं आणलं, एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं. फॉरवर्डची मोजणी मेसेजच्या आतच असते, म्हणून यासाठी कुलूप उघडावं लागलं नाही.

ॲडमिनबद्दल: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, समान हेतू किंवा संगनमत नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही.

केळीबाग_रावेर
म्हणजे आमच्या ग्रुपवर राईनपाड्यासारखं काही आलं तर करायचं काय? लगेच डिलीट?

कुलूपकिल्ली
लगेच नको दादा. ॲडमिनने सगळ्यांसाठी डिलीट केलं की तुमच्या फोनमधूनही जातं. आधी स्क्रीनशॉट काढा. टाकणाऱ्याचा नंबर, वेळ आणि 'फॉरवर्डेड'ची खूण त्यात दिसली पाहिजे. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल न कापता, नाव न बदलता ठेवा. 'एक्स्पोर्ट चॅट'ही करून ठेवा. मग डिलीट करा, 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' चालू करा आणि खरी माहिती स्वतः टाका. रिपोर्ट दाबलं की शेवटचे पाच मेसेज तुमच्या फोनमधून कंपनीकडे जातात.

पोलिसांना तोच फोन दाखवा. टाकणाऱ्याला तो कुठून आला, त्याला कोणी दिला, असं एकेक फोन मागे जाता येतं. कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो, म्हणून मूळ फाइलला हात लावू नका.

तापीकाठ
आधारचं राहिलं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून 'मास्क्ड आधार' उतरवा, शेवटचे चारच अंक दिसतात. तेही ग्रुपवर नको, विम्याचं काम बघणाऱ्या एकालाच त्याचा फोटो द्या, 'व्ह्यू वन्स' (एकदाच उघडता येईल असा) करून.