आपल्या जेवणातलं फ्रीझरमध्ये काय टिकतं? नवशिक्यांसाठी अनुभव लिहा

भाची नोकरीसाठी बंगळुरूला गेलीये. घरी असताना चहा, मॅगी आणि ऑम्लेट एवढीच तिची मजल. आता मेसच्या डब्याला कंटाळलीये, म्हणून रविवारी एकदाच घाट घालायचा आणि आठवडाभर खायचं असा बेत आहे. दोन दारांचा फ्रीज आहे, वरचा फ्रीझर बऱ्यापैकी मोठा. इंटरनेटवरच्या याद्या वाचून झाल्यात, पण त्यात सगळी सुपं आणि लसान्या. आपल्याकडचं काय गोठवता येतं, बाहेर काढल्यावर कसं लागतं, कशाचा लगदा होतो ते सांगा. स्वतः केलेलंच लिहा, ऐकीव नको. ‘त्यापेक्षा ताजी खिचडी लावायला कितीसा वेळ लागतो’ म्हणणाऱ्यांचंही स्वागत आहे, फक्त रोज खिचडी खाऊन दाखवा.

*

अख्खी भाजी करून गोठवायच्या फंदात तिला पाडूच नका. भाजीची तयारी गोठवायला सांगा. मी कांदा-खोबऱ्याचं वाटण करून ठेवते. चार-पाच मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलावर चांगले तपकिरी होईपर्यंत परतायचे. घाई केली तर वाटण गोडसर आणि कच्चट लागतं. वाटीभर सुकं खोबरं किसून वेगळं भाजायचं, कारण ते कांद्याच्या आधी करपतं. मग आलं-लसूण, आणि पाणी जेमतेम मिक्सर फिरेल एवढंच. बर्फाच्या ट्रेमध्ये चमच्याने भरायचं, गोठलं की वड्या काढून पिशवीत. ट्रे या कामासाठी वेगळाच ठेवा, नाहीतर पाहुण्यांच्या सरबतात लसूण!

दोघांच्या उसळीला तीन-चार वड्या पुरतात. कढत तेलात गोठलेली वडी टाकू नये, भयंकर उडतं. मंद आच आणि पळीभर पाणी. वाटणात मीठ-तिखट-मसाला काहीच घालत नाही, त्यामुळे त्याच वड्यांची एकदा मटकीची उसळ होते, एकदा अंडाकरी, एकदा भरली वांगी. महिनाभर चव उतरत नाही.

*

वाटणाला +१. त्याला जोड म्हणून राजमा, छोले, काळे वाटाणे रात्री भिजवून कुकरला लावायचे आणि शिजलेल्या पाण्यासकट गोठवायचे. कोरडे गोठवले तर सालं सुटतात. डबा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. काचेच्या बरणीत तर मुळीच नको. जर्मनीत शिकत असताना माझ्या वाट्याला फ्रीझरचा एकच खण होता, तेव्हा मी झिपच्या पिशव्यांत भरून आडव्या, पाटीसारख्या चपट्या गोठवायचो. मग उभ्या लावल्या की भरपूर मावतात. जाड गोळ्यापेक्षा चपटं लवकर गोठतं आणि लवकर सुटतं, हा खरा फायदा. पिशवीवर तारीख आणि पदार्थ लिहाच. गोठल्यावर आमटी आणि छोले यांतला फरक कळत नाही.

*

बटाटा नको. काकडी, दह्याची कढी, उकडलेलं अंडं नको. बटाटा भुसभुशीत होतो, कढी फुटते, अंड्याचा पांढरा भाग चिवट होतो. बटाट्याचे पराठे मात्र चालतात, त्यात तो कुस्करलेलाच असतो.

*

अन्नतंत्रज्ञान शिकवते, म्हणून चवीखेरीजचं लिहिते. फ्रीझर उणे 18 अंशांना असावा. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणजे पदार्थ आत जाताना जसा होता तसाच बाहेर येतो. रात्रभर ओट्यावर राहिलेली आमटी सकाळी फ्रीझरमध्ये टाकून ती चांगली होत नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ती आत गेली पाहिजे. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मध्यभागी तासन् तास कोमट राहतं. पसरट भांड्यांत वाटून घ्या, किंवा पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा.

भाताबाबत जास्त जपा. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात बाहेर राहिला तर त्यांतून तयार होणारं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ताटात पसरून पटकन निववा आणि लगेच गोठवा, मग भात उत्तम राहतो. खायच्या आदल्या रात्री डबा फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये उतरवायचा, ओट्यावर नाही. गरम करताना पार वाफाळू द्या आणि उरलेलं परत गोठवू नका.

*

आमच्याकडे सातारा जिल्ह्यात यातलं निम्मं चालायचं नाही. घरात एका दाराचा फ्रीज, वरच्या बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीमसुद्धा धड घट्ट होत नाही. त्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. गच्च भरलेला चांगला फ्रीझर दार न उघडता दोन दिवस तग धरतो म्हणतात, पण दार न उघडणारं माणूस आमच्या घरात जन्मायचंय. भाचीकडे दोन दारांचा आहे तर करू दे. आम्ही शेंगदाण्याचं कूट, तीळ-खोबऱ्याची चटणी, मेतकूट, भाजणी करून ठेवतो. त्यालाही बॅच कुकिंगच म्हणायचं की नाही? मेतकूट-भात-तूप, दहा मिनिटांत जेवण, फ्रीझरचं नावही नाही.

*

मेतकूटवाल्यांना दंडवत, पण न्यू जर्सीत बाळंतपणाला मदतीला कोणी येऊ शकणार नव्हतं तेव्हा मला फ्रीझरनेच तारलं. आठव्या महिन्यात बसून-बसून केलं. मुगाचं वरण घट्टसर, फोडणीशिवाय. फोडणी ऐनवेळी ताजीच द्यायची, गोठवलेल्या फोडणीत हिंग-जिऱ्याचा वासच राहत नाही. इडल्या झकास टिकतात, सुट्या गोठवून पिशवीत भरायच्या आणि वाफवल्या की ताज्यासारख्या. मेथीचे पराठे मधे बटर पेपर घालून. नवऱ्याला स्वयंपाकातलं काही येत नव्हतं, म्हणून प्रत्येक डब्यावर ‘मायक्रोवेव्ह, मध्ये एकदा ढवळ’ असं लिहून ठेवलं होतं. भाचीनेही स्वतःसाठी तसंच लिहावं. रात्री दहाला दमून आलेल्या माणसाला डोकं चालवायला लावू नये.

*

डोंबिवलीहून. अळूवडी आणि कोथिंबीर वडीचे उंडे! वाफवायचे, पूर्ण गार करायचे, अख्खेच गोठवायचे. हवे तेव्हा अर्धवट सुटले की कापायचे. पार मऊ होण्याआधी कापले तर चकत्या अगदी सुबक पडतात. मग शॅलो फ्राय. नवशिक्यांनी कोथिंबीर वडीने सुरुवात करावी, अळूचं बेसन लावणं थोडं सरावाचं काम आहे. ओला नारळही खवून लहान पुड्या करून ठेवा. एक नारळ फोडला की एकट्या माणसाला तो संपत नाही, आणि फ्रीजमध्ये चार दिवसांत त्याला वास येतो. हापूसचा रस मे महिन्यात गोठवून गणपतीपर्यंत खातो, पण त्यासाठी घरच्यांपासून लपवायची जागा लागते.

*

पोळ्यांबद्दल कोणी काहीच बोलेना, म्हणून सांगतो. दोन्ही बाजूंनी जेमतेम शेकून, गार करून, बटर पेपर घालून गोठवता येतात. तव्यावर परत भाजल्या की बऱ्या लागतात. भाकरी मात्र कोरडी पडून तडकते. पण जिला अजून कणीक भिजवता येत नाही, तिने सुट्टीच्या दिवशी वीस पोळ्या लाटायच्या? बंगळुरूत अर्ध्या भाजलेल्या चपात्यांची पाकिटं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. पहिले काही महिने ती आणू दे, उसळीकडे लक्ष दे म्हणावं.