अनुभव धागा: अरब सिनेमा बघताना आणि दाखवताना

चौकस
आमच्या फिल्म सोसायटीत जानेवारी २०२७ मध्ये अरब सिनेमाचा आठवडा करायचा घाट घातलाय. चित्रपट निवडणं, मिळवणं, दाखवणं आणि नंतरची चर्चा या सगळ्याबद्दल जाणकारांनी लिहावं. प्रवासवर्णनं आणि 'आमच्या वेळी' नकोत. काय करायचं, काय चुकतं आणि का चुकतं, एवढंच हवंय.

बाराखडी
सुरुवात भाषेपासून करा, कारण पुढचा बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो. लिहायची अरबी (फुसहा) एक असली तरी बोलायच्या अनेक आहेत. 'आत्ता' या शब्दाला कैरोत 'दिलवक्ती', बैरुतमध्ये 'हल्लअ', आखातात 'अल्हीन' आणि मोरोक्कोत 'दाबा' म्हणतात. कोकणी आणि वऱ्हाडीत जेवढं अंतर, त्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे.

तरीही कैरोची बोली सगळीकडे समजते, आणि ती सिनेमा-रेडिओमुळे. तलअत हर्ब यांच्या बँक मिस्रने उभारलेला 'स्टुडिओ मिस्र' १९३५ मध्ये सुरू झाला. पुढची कित्येक दशकं अरब घरांत कैरोचीच गाणी आणि कैरोचेच विनोद पोचत राहिले. उलट्या दिशेने तेवढं काही आलं नाही. म्हणून अल्जीरिया-मोरोक्कोचा चित्रपट पूर्वेकडच्या अरब देशांत लागतो तेव्हा त्याला अरबीचीच सबटायटल्स द्यावी लागतात.

कान तयार करायला एक खूण. लिखित 'ज' कैरोत 'ग' होतो, 'जमील' (सुंदर) तिथे 'गमील'. घशातला 'क' गळून जातो, 'कल्ब' (हृदय) चा 'अल्ब' होतो. पण नुसता 'ग' ऐकून इजिप्त ठरवू नका. आखातात तोच 'क' 'ग' होतो आणि हृदयाचं 'गल्ब' होतं.

परदेशी चित्रपटांची अरबी सबटायटल्स फुसहात असतात. कैरोच्या अनिस उबैद यांच्या प्रयोगशाळेचं नाव कित्येक पिढ्यांनी पडद्यावर वाचलंय. न्यूयॉर्कचा गुंड तोंडाने आईबहिणीवरून शिव्या देतो आणि खाली उमटतं 'तब्बन लक', म्हणजे साधारण 'तुझा नाश होवो!' अरबांमध्ये हा कायमचा विनोद आहे. डबिंगचंही तसंच. नव्वदच्या दशकातल्या मेक्सिकन मालिका फुसहात बोलायच्या. २००८ च्या सुमारास तुर्की मालिका सीरियन बोलीत आल्या आणि घराघरात शिरल्या.

वकीलबाई
सिनेमाने समाज बदलतो का, यावर काथ्याकूट करण्यापेक्षा एक उदाहरण नीट तपासा. इजिप्तचा 'उरीदु हल्लन' (मला तोडगा हवा), १९७५, दिग्दर्शक सईद मरझूक, नायिका फातेन हमामा. नवऱ्यापासून घटस्फोट मागणारी, सुशिक्षित, सुस्थितीतली बाई वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवते आणि हरते. खरा ऐवज कोर्टाच्या व्हरांड्यात आहे. तिथे पोटगीसाठी ताटकळणाऱ्या गरीब बायका भेटतात.

चर्चेत लोक हमखास म्हणतात, 'आणि मग कायदा बदलला'. तो कसा बदलला ते क्रमाने सांगा. १९७९ चा कायदा क्रमांक ४४ राष्ट्राध्यक्ष सादात यांनी वटहुकमाने आणला. नवऱ्याने दुसरं लग्न केलं की पहिल्या बायकोचं नुकसान झालंच असं त्यात गृहीत धरलं होतं, त्यामुळे तिला वेगळा पुरावा न देता घटस्फोट मागता येई. १९८५ मध्ये सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. कारण मजकुराचं नव्हतं, पद्धतीचं होतं: वटहुकूम काढण्याइतकी तातडीची परिस्थितीच नव्हती. त्याच वर्षी कायदा क्रमांक १०० आला, पण आता नुकसान बाईने सिद्ध करायचं. २००० च्या कायदा क्रमांक १ ने 'खुलअ' (बायकोने मागून घेतलेला घटस्फोट) दिला: मेहेर परत करायचा, आर्थिक हक्क सोडायचे, कोर्ट जास्तीत जास्त तीन महिने समेटाचा प्रयत्न करणार, आणि निकालावर अपील नाही.

हे अर्ध्या पानावर छापून चित्रपटाआधी वाटा. नाहीतर आपल्याकडची चर्चा पाचव्या मिनिटाला तिहेरी तलाककडे वळते आणि इजिप्त बाजूलाच राहतो.

शंकासुर
चित्रपट ७५ चा, कायदा ७९ चा. यावरून कार्यकारणभाव कसा जोडता?

वकीलबाई
जोडत नाही. त्यामागे स्त्री-संघटनांचं अनेक वर्षांचं काम होतं, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिहान यांचा पाठिंबा होता. तो कायदा लोकांत 'जिहानचा कायदा' म्हणूनच ओळखला जायचा. चित्रपटाने कोर्टाचा व्हरांडा मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणून ठेवला, एवढं श्रेय मी देईन. आणि ते थोडं नाही.

खाडीपार
आखातात थिएटरमध्ये बघणाऱ्यांसाठी लिहितो, कारण मराठी कुटुंबं तिथेच जास्त अडकतात.

अमिरातीत '१५+' किंवा '१८+' चित्रपटाला त्याखालच्या वयाच्या मुलाला आईवडील सोबत असले तरी आत सोडत नाहीत. 'कडेवरचं आहे, झोपलंय' हे चालत नाही. मोठं माणूस सोबत असेल तर चालतं ते 'पीजी' वर्गात. अठराच्या आसपासच्या मुलामुलींनी ओळखपत्र जवळ ठेवावं. सौदीतही वयाचे टप्पे आहेत, अक्षरं वेगळी: 'आर १२', 'आर १५', 'आर १८'.

मंजुरी प्रत्येक देशाची वेगळी. दुबईत लागलेला चित्रपट कुवेतमध्ये नाकारला जाऊ शकतो. पोस्टर फिरतंय म्हणून दोन तास गाडी हाकू नका, थिएटरच्या वेळापत्रकात नाव आलं की मगच तिकीट काढा. काटछाट कळायची सोपी युक्ती म्हणजे भारतातल्या प्रमाणपत्रावरची लांबी आणि तिथल्या वेळापत्रकातली लांबी ताडून बघणं. सात-आठ मिनिटांचा फरक दिसला तर कात्री चाललीय असं समजा.

नवा चित्रपट तिथे गुरुवारी लागतो, म्हणजे हिंदी चित्रपट बऱ्याचदा मुंबईच्या एक दिवस आधी. शुक्रवारच्या सुट्टीमुळे पडलेली ही पद्धत. जानेवारी २०२२ पासून अमिरातीची सुट्टी शनिवार-रविवार झाली तरी गुरुवार टिकलाय. मराठी चित्रपटाला बहुधा एखाद-दुसराच खेळ मिळतो, त्यामुळे मंडळाने एकगठ्ठा तिकिटं घेतली तर बरं.

सौदीबद्दल थोडं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे थिएटरं बंद होती, रियाधमध्ये पहिलं पुन्हा उघडलं ते १८ एप्रिल २०१८ ला. याचा अर्थ लोक सिनेमा बघत नव्हते असा काढू नका. व्हिडिओ कॅसेट होत्या, उपग्रह वाहिन्या होत्या, आणि पूर्वेकडच्या लोकांसाठी २५ किलोमीटरच्या पुलापलीकडे बहरीनची थिएटरं होती. 'वजदा' (२०१२) हा चित्रपट याच काळात रियाधमध्ये चित्रित झाला. सनातनी वस्त्यांत दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर व्हॅनमध्ये बसून वॉकी-टॉकीवर सूचना देत होत्या. दाखवण्याआधी हे सांगा, मग त्यातले रस्त्यावरचे प्रसंग वेगळे दिसतात.

रीळवाला
तांत्रिक बाजू. आधी हक्क कोणाकडे आहेत ते शोधा. जुन्या चित्रपटांत निर्माता, वाहिनी आणि वितरक वेगवेगळे असतात, तेव्हा लेखी परवानगीत 'भारत, एक खेळ, तारीख, सभागृह' एवढं स्पष्ट हवं. भारतात सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, तो अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

डीसीपी (थिएटरच्या सर्व्हरवर चढवायची चित्रपटाची डिजिटल प्रत) आला तर दोन तासांच्या चित्रपटाला १०० ते २०० जीबी धरा. डिस्क लॅपटॉपला लावून 'रिकामी आहे' म्हणून घाबरू नका. ती बहुतेकदा लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते, विंडोजला दिसत नाही. सर्व्हरवर चढवायला तास-दीड तास जातो, म्हणून आदल्या दिवशी चढवा. फाइल कुलूपबंद असेल तर किल्ली त्या एका सर्व्हरसाठी आणि ठराविक वेळेपुरतीच असते. किल्ली मागवायला सर्व्हरचं प्रमाणपत्र पाठवताना भारतीय वेळेचा स्पष्ट उल्लेख करा. कैरोच्या वेळेने बनलेली किल्ली आपल्याकडे अडीच ते साडेतीन तास उशिरा चालू होते आणि तोवर प्रेक्षक चहा पिऊन परत आलेले असतात.

अरबी सबटायटल्स हवी असतील (हैदराबादहून अरबी शिकणारे येणार असतील तर) दोन घोळ ठरलेले. अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसला तर फाइल जुन्या 'विंडोज-१२५६' या अक्षरसंकेतात आहे, ती यूटीएफ-८ मध्ये साठवा. आणि पूर्णविराम ओळीच्या भलत्याच टोकाला उडी मारत असेल तर प्लेयर ती ओळ डावीकडून उजवीकडे समजतोय. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उजवीकडून-डावीकडे हे अदृश्य चिन्ह टाकलं की ते जागेवर येतं.

बाराखडी
उद्घाटनाला 'अल-इरहाब वल-कबाब' (१९९२, शरीफ अरफा) लावा. एक साधा माणूस मुलांच्या शाळाबदलीसाठी कैरोच्या तहरीर चौकातल्या 'मुगम्मअ' या अजस्र सरकारी इमारतीत खेटे घालतो आणि तिथून प्रकरण कुठच्या कुठे जातं. नमाजातून उठतच नाही तो कारकून मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. नायक आदिल इमाम. दुसऱ्या दिवशी 'बाब अल-हदीद' (१९५८), इंग्रजी नाव 'कैरो स्टेशन', जेमतेम सव्वा तासाचा. युसूफ शाहीन यांनी दिग्दर्शन केलंच, लंगड्या वृत्तपत्रविक्रेत्याची भूमिकाही केली. तेव्हा तो आपटला, आज अभ्यासक्रमात आहे.

शोधताना नावाचं स्पेलिंग फ्रेंच वळणाने घ्या, शाहीनचा 'श' तिथे 'सीएच' ने लिहितात.

चौकस
कैरोहून कोणी छायालेखक किंवा लेखक आला तर बरं होईल. जानेवारीत जमेल?

खाडीपार
अवघड आहे. २०२७ चा रमझान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतोय, चंद्र दिसण्यावर एखादा दिवस पुढेमागे. त्या महिन्यात इफ्तारनंतर रोज एक भाग अशा मालिका चालतात, साधारण तीस भागांच्या. त्याआधीचे दोन-तीन महिने सगळे तंत्रज्ञ त्यांच्या चित्रीकरणात अडकलेले असतात, कधी कधी तर शेवटचे भाग रमझान चालू असतानाच चित्रित होतात. नंतर ईदला मोठे चित्रपट लागतात. रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या तारखांवर विसंबू नका. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात विचारून बघा.

चौकस
मग एप्रिल. सभागृहाच्या तारखा उद्याच बदलून घेतो.