२०२२ : मातीला पुरस्कार, विटेला नारळ

कोपऱ्यावरचा
'वास्तुकलेला शहाणपण आलं ते २०२२ साली' हा परवाचा लेख वाचला आणि डोकं तडकलं. लेखकाचे पुरावे दोन. बुर्किना फासोच्या वास्तुविशारद फ्रान्सिस केरेंना प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं सगळ्यात मानाचं पारितोषिक मिळालं, आफ्रिकेतले ते पहिलेच. आणि पुण्यात जन्मलेल्या वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींना ब्रिटनचं वास्तुकलेचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं. म्हणे काचेच्या बुरुजांचे दिवस भरले.

कुठे भरले? त्याच वर्षी जुलैत सौदीने 'द लाइन' या नव्या शहराचा आराखडा दाखवला. १७० किमी लांब, ५०० मीटर उंच, दोन्ही बाजूंना आरसे, मुक्कामाला ९० लाख माणसं! एप्रिलपासून तोक्योत कुरोकावांचा नाकागिन कॅप्सूल टॉवर, म्हणजे खोल्यांचे सुटे डबे रचून केलेली इमारत, उतरवायला घेतला. नोव्हेंबरात अहमदाबादच्या आयआयएमने अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी बांधलेल्या वसतिगृहांपैकी बरीच नव्याने बांधायचं पुन्हा जाहीर केलं. ज्या दोशींनी कान यांना अहमदाबादेत आणलं, त्यांना लंडनचं पदक आणि घरच्या विटांना नारळ. याला शहाणपण म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

रंधा
तुमचा राग कळला, पण केरेंना मधे का ओढता? ते आधी सुतारकाम शिकलेले. बर्लिनमध्ये शिकत असतानाच पैसे जमवले आणि २००१ मध्ये गांदो या आपल्या गावात शाळा उभी केली. मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या विटा, वर विटांचंच छत, त्यात फटी, आणि त्याच्याही वर हातभर उचललेला पत्रा. गरम हवा फटींतून निघून जाते, पत्रा तापला तरी खाली पोरं बसू शकतात. मजुरी गावानेच केली. यात कसलं ढोंग दिसलं तुम्हाला?

मुकादम
ढोंग केरेंचं नाही हो, टाळ्या वाजवणाऱ्यांचं आहे. मातीच्या शाळेचा फोटो बघून गहिवरतात ते, आणि राहतात एसी लावून काचेत. वीस वर्षं साइटवर काढलीत मी. 'मातीचं घर करा' म्हणून आलेली एक पार्टी शेवटी व्हिट्रिफाइड टाइल्सवर येऊन थांबली.

आणि नाकागिनचं रडगाणं पुरे. १९७२ ची इमारत, १४० डबे, दर २५ वर्षांनी डबे बदलायचे असा मूळ बेत. एकदाही बदलले नाहीत. आत ॲस्बेस्टॉस, पाइप गंजलेले. त्यात आठवडाभर राहून दाखवा, मग वारसा-बिरसा बोला.

शिळोप्याची
+१ मुकादम. आमचं हॉस्टेल असंच उघड्या विटांचं होतं, कॉलेजचं नाव घेत नाही. आर्किटेक्चरचे विद्यार्थी बसने येऊन भिंतींना हात लावून डोळे मिटायचे. आम्ही पावसाळ्यात गाद्या भिंतीपासून दूर ओढायचो. त्या विटेचं मला अजिबात कौतुक नाही.

कोपऱ्यावरचा
गळतं म्हणून पाडायचं? मग निम्मी मुंबई पाडा. कान यांच्याच ग्रंथालयाची दुरुस्ती तिथेच झाली, आणि तिला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हणजे जमतं, करायचं असेल तर. दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालनही १९७२ चंच. २०१७ मध्ये रातोरात भुईसपाट केलं, कारण वारशात धरायला म्हणे ६० वर्षं भरायला हवीत. भरेपर्यंत ठेवतंय कोण?

तिसरा मजला
'निम्मी मुंबई पाडा' ती पडतेच आहे, साहेब. नाकागिनवाल्यांनी २००७ मध्ये पाडायचा ठराव केला तो पाचातल्या चार मालकांच्या संमतीने, जपानात तेव्हा तेवढी लागायची. आपल्याकडे महाराष्ट्रात सोसायटी पाडून नवी बांधायला २०१९ पासून ५१ टक्के सभासद पुरतात. आमच्या सोसायटीत तेवढे भरले आणि बिल्डरने उरलेल्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. नवी इमारत होईपर्यंत बिल्डरने द्यायचे भाड्याचे चेक आधी वेळेवर, मग उशिरा, मग 'पुढच्या महिन्यात'. आई भाड्याच्या घरातच गेली. तुम्ही डब्यांवर कविता करा.

मुकादम
वाईट झालं. पण ५१ नसते तर अजून गळक्या स्लॅबखालीच असता. ७५ टक्के लागायचे तेव्हा तळमजल्याचे मूठभर दुकानदार अख्खी इमारत वेठीला धरायचे.

तिसरा मजला
आईबद्दल लिहिलं त्यावर हे उत्तर? तुमच्या साइटवरचीच भाषा दिसते.

रंधा
मुकादम, जरा जपून. आणि लोकहो, धागा २०२२ च्या वास्तुकलेचा आहे, पुनर्विकासाचा नाही.

शिळोप्याची
असू दे की. निदान खऱ्या घरांबद्दल बोलणं चाललंय. कॉर्पस, म्हणजे बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम, किती ठरला होता? आमची बोलणी सध्या सुरू आहेत.

कोपऱ्यावरचा
हेच! बिल्डिंग म्हटली की आपल्याला कार्पेट एरिया आणि कॉर्पस दिसतो. दोशींनी इंदूरला अरण्य वसाहतीत गरिबांना जोतं, संडास आणि नळ दिला, वरचं घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे वाढवलं. तिथे कुणी ५१ टक्के मोजत बसलं नाही.

तिसरा मजला
बरोबर, कारण तिथे पायाखालचा प्लॉट आपला होता. आमच्या वाट्याला हवेतले सहाशे चौरस फूट. पण बिल्डरऐवजी दोशी मिळाले असते तर मीही ५१ मध्ये हात वर केला असता, एवढं कबूल. घ्या, झालं समाधान?

मुकादम
दोशी मिळाले असते तरी वॉटरप्रूफिंगचं टेंडर सगळ्यात स्वस्तवाल्यालाच गेलं असतं. (गंमत केली, दिवे घ्या.)
तिसरा मजला, मघाचं टोचलं असेल तर राहू द्या. चेक थांबलेत म्हणता, तर बँक गॅरंटी घेतली होती का करारात?

तिसरा मजला
कमिटीने 'ओळखीचा माणूस आहे' म्हणून सोडून दिली.

मुकादम
मग संपलंच.

रंधा
मी केरेंवर वेगळा धागा काढतो. इथे काही खरं नाही.

शिळोप्याची
काढा काढा. मुकादम, जाण्याआधी एक सांगा. आमचा बिल्डर स्टॅक पार्किंग (गाडीवर गाडी) म्हणतोय, आम्हाला पोडियम (गाड्यांचे वेगळे मजले) हवंय. अडून बसावं का?