मदत हवी आहे: थंडीनंतर गोल्फच्या ग्रीनवर मेलेले पट्टे, आत्ता बी पेरू की थांबू?

मंडळी, गोल्फवाले, लॉनवाले कोणी असाल तर प्लीज सांगा. न्यू जर्सीत आमच्या गावात ९ होलचा जुना कोर्स आहे, तिथल्या ग्रीन कमिटीत मी हौसेने नाव दिलं आणि आता पस्तावतोय.

फेब्रुवारीत दोन दिवस छान ऊन पडलं, बर्फ वितळून ६ नंबरच्या ग्रीनच्या (होलभोवतीच्या एकदम बारीक कापलेल्या हिरवळीच्या) खोलगट भागात पाणी साचलं आणि तिसऱ्या रात्री पारा असा काही उतरला की सगळं गोठलं. आता एप्रिल लागला तर तिथे गव्हाळ रंगाचे पट्टे, ओढलं की गवत हातात येतं. मधेमधे बेंटग्रासचे (ग्रीनवर मुद्दाम लावतात ते गवत) ठिपके मात्र मस्त हिरवे, मेलंय ते सगळं पोआ (आपोआप घुसणारं तणासारखं गवत). सुपरिंटेंडंट (कोर्सचं गवत सांभाळणारा) म्हणतो पोआ ऊन लागलं की लगेच जागं होतं, बुडाशी पाणी शोषतं, मग ते गोठलं की आतल्या पेशीच फुटतात, बेंट उशिरा जागं होतं म्हणून वाचतं. खात्री करायला त्याने कप कटरने (होल पाडायच्या हत्याराने) काढलेले गवतासकट मातीचे दोन गोळे मी घरी किचनच्या खिडकीत ठेवले (बायको म्हणाली त्यापेक्षा कोथिंबीर तरी लावायचीस), १० दिवसांत फक्त बेंटच हललं.

आता भांडण असं की त्याला ग्रीन बंद करून बेंट पेरायचंय, वर कव्हर घालायचंय, आणि मेंबर लोकांना वीकेंडला खेळायचंय. मातीचं तापमान सध्या ४८ फॅरनहाइट. एवढ्या गारठ्यात बी उगवेल का? आणि दरवर्षीचं क्रॅबग्रास या तणाचं औषध याच आठवड्यात मारायचंय, ते चालेल ना?

गवत्या: थांबा थांबा, ते औषध त्या ग्रीनवर अजिबात नको! प्री-इमर्जंट असतं ते, त्याला क्रॅबग्रास काय आणि बेंट काय, बी उगवूच देत नाही. ४८ ला बी नुसतं बसून राहील, ५५-६० झालं की हलेल, म्हणून कव्हर हवंच, पण ऊन तापलं की काढायचं, नाहीतर खाली बुरशी. बी मोहरीहूनही बारीक असतं, नुसतं फेकू नका, बारीक भोकं पाडून मातीला लागलं पाहिजे, वर वाळूचा हलका हात. पाणी दिवसातून ३-४ वेळा, थोडंथोडं. पहिली कापणी १/८ इंचावर नको, मोवर बराच वर घ्या. आणि तोवर बाजूला टेम्पररी ग्रीन काढून द्या मेंबरांना, कुरकुरतील, कुरकुरू देत.

एक सांगा, पूर्वेला झाडं आहेत का? सकाळचं ऊन अडत असेल तर बेंट टिकणार नाही, पुन्हा पोआच येईल.

धागाकर्ता: बाप रे, औषधाचं बरं विचारलं, आत्ताच फोन करतो. झाडं आहेत, ३ मोठे मेपल. त्यातला एक माजी अध्यक्षांच्या नावाने लावलाय, खाली पाटी आहे.

गवत्या: मग उरलेल्या दोघांपासून सुरुवात करा.